एन्झाच्या हातची न्याहारी

आमच्या गावात मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, उजाडायच्या आत. रिकाम्या हातानं मात्र येत नाहीत. घरातल्या पोरांसाठी साखरेच्या बाहुल्या, बदामाच्या गोळ्याची रंगवलेली फळं, एखादा पत्र्याचा घोडा, ज्याला जे जमेल ते आणतात, कपाटामागे नाहीतर पिठाच्या डब्यात लपवतात आणि निघून जातात. सकाळी पोरं उठून घर उलथंपालथं करतात. मग सगळ्यांनी मिळून मुफ्फोलेत्ता खायचा. बडीशेप घातलेला गोल, मऊ पाव. तो गरम असतानाच उघडायचा, आत नवं ऑलिव्हचं तेल, खारवलेली बारीक मासळी, ओरेगानो, मिरी आणि वरून किसलेलं जुनं चीज. तो खाऊन झाला की शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत जायचं. मला विचाराल तर वर्षातली खरी न्याहारी एवढीच. बाकीचे दिवस आपण कॉफीत शिळा पाव बुडवून पोटाची समजूत घालत असतो.

माझी धाकटी बहीण एन्झा त्या वर्षी फेब्रुवारीत गेली. ताप काय चढला, छाती काय भरली, आठवड्याच्या आत सगळं संपलं. मागे राहिला तिचा नवरा लिबोरिओ आणि आठ वर्षांची निन्फा. मी लग्न केलं नव्हतं. मला बघायला जे जे आले, ते बोलायला लागले की मला जांभया यायच्या. तेव्हा मी माझं शिवणाचं मशीन आणि एक ट्रंक घेऊन सरळ त्यांच्या घरी राहायला गेले. ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हटलं नाही.

गावात बाकी सगळे मुफ्फोलेत्ते समोरच्या बेकरीतून आणायचे. एन्झा तेवढी घरी करायची. बेकरीवाला बडीशेप अशी घालतो, जशी काही मुलीच्या हुंड्यातून काढून देतोय, असं तिचं म्हणणं. शिवाय रांगेत उभं राहून घरी आणेपर्यंत पाव निवतो, आणि निवलेल्या पावात तेल मुरत नाही. एन्झा चीज इतकं बारीक किसायची की गरम तेलात ते दिसेनासं व्हायचं, नुसती चव मागे राहायची. मी सख्खी बहीण असून मला ते कधी जमलं नाही. माझा हात कापडावर चालतो, कणकेवर नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. एके दिवशी जेवताना निन्फानं अचानक विचारलं, "मावशी, आई आता तिकडची झाली ना? मग या वर्षी तीच येणार ना?"

मी हो म्हणून गेले. काय म्हणणार होते? तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं की या वर्षी तिला बाहुली नको, घोडा नको, काहीच नको. आईनं मुफ्फोलेत्ता करून ठेवावा, बस. मग ती शांतपणे सूप प्यायला लागली. फेब्रुवारीपासून पोरीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी बघितलं, ज्याला आनंद म्हणता येईल. लिबोरिओनं चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

जेवणं झाल्यावर अंगणात तो मला म्हणाला, "ताई, तुम्हाला जे ठेवायचं ते ठेवा. मी आड येणार नाही. पण तिनं मला तोंडावर विचारलं की आई आली होती का, तर मी खरं तेच सांगणार."

"एक वर्ष गप्प राहिलास तर आभाळ कोसळेल का?"

"मी तिला अमेरिकेची वाट बघायला लावणार नाही."

लिबोरिओचा बाप गंधकाच्या खाणीत दबून मेला तेव्हा लिबोरिओ सहा वर्षांचा होता. आई, मामा, शेजारीपाजारी, सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं की बाबा अमेरिकेला गेलेत. पोरगं पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसायचं. कित्येक वर्षं बसलं. शेवटी शाळेतल्या एकानं भांडताना खरं काय ते त्याच्या तोंडावर फेकलं. आईला त्यानं जन्मभर माफ केलं नाही आणि त्या दिवसापासून खोटं म्हणून बोलला नाही. कुणाचं बाळ दिसायला यथातथाच असलं तर हा बाळाच्या टोपीचं कौतुक करायचा. माणूस असा सरळ, की त्याच्याशी भांडणंसुद्धा अवघड.

म्हणजे सगळं येऊन त्या पावावर ठेपलं. पहिल्या घासाला पोरीला आईची चव लागली, तर ती कशाला कुणाला विचारत बसेल? आणि चव चुकली, तर ती आधी बापाकडे बघणार. मग तो सांगणार. आईला दुसऱ्यांदा पुरायचं, तेही न्याहारीच्या टेबलावर. हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

मी समोरच्या ब्रिजिदाकडे जाऊन सराव सुरू केला. ब्रिजिदा म्हातारी, विधवा, घरात नातवंडांचा बाजार आणि जीभ अशी की तिनं नुसतं चांगलं म्हटलं तरी ओरखडा उठावा. माझा पहिला पाव तिनं हातात घेतला, टेबलावर आपटला आणि म्हणाली, "व्हिता, याला खालून चार खिळे मारून पायात घाल. हिवाळा निघेल." दुसरा कच्चा राहिला. तिसरा तिनं अर्धा खाल्ला आणि काही बोलली नाही, तेव्हा मला जरा धीर आला. तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. कणीक हाताला चिकटली पाहिजे. चिकटायची बंद झाली की समजायचं, पीठ जास्त झालं. एन्झाची कणीक कोपरापर्यंत चिकटायची म्हणे. मला ते आठवत होतं. ती कोपरानं केस मागे सारायची आणि दिवसभर तिच्या कपाळावर पांढरा पट्टा असायचा.

मेलेल्यांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी समुद्राकडून धुकं वर आलं. आमचं गाव डोंगरावर, त्यामुळे धुकं आधी पायऱ्या चढतं, मग गल्लीत शिरतं, मग घरात. अंगणात बादल्यांमध्ये शेवंती भिजत ठेवली होती, तिचा कडवट वास सगळीकडे भरला होता. निन्फानं पाय घासून धुतले. स्वतःहून लवकर झोपायला गेली आणि मला सांगून गेली की कुणी जागं असलं तर ती माणसं येत नाहीत, तेव्हा मावशी, तूसुद्धा उगाच शिवत बसू नकोस. मी बरं म्हटलं. कणीक मी आधीच भिजवून माझ्या पलंगाखाली कांबळ्यात गुंडाळून ठेवली होती.

पहाटे उठले तेव्हा समोरच्या बेकरीची भट्टी पेटलेली होती. ते एक बरं होतं. सगळ्या गल्लीत पावाचाच वास, माझ्या पावाचा वेगळा वास कुणाला येणार नव्हता. दिवा बारीक केला आणि कणकेत हात घातला. ती फुगून दुप्पट झाली होती, कोमट आणि जिवंत. खिडकीबाहेर धुक्यामुळे काहीच नव्हतं, ना गल्ली, ना ब्रिजिदाची बाल्कनी. जगात फक्त ते टेबल, दिवा आणि माझे दोन हात उरले होते, आणि तेही हळूहळू माझे वाटेनात.

खोटं सांगणार नाही, मला एन्झा मागे उभी असल्यासारखी वाटली. भीती नाही वाटली. ती स्वयंपाकघरात नेहमी जशी उभी असायची तशी, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मी बडीशेप घातली तर वाटलं, अजून. अजून घातली. पीठ भुरभुरायला हात उचलला तर वाटलं, नको. नाही भुरभुरलं. मी अर्धी झोपेत होते हे मला कळत होतं आणि पूर्ण जागं व्हायचं नव्हतं. आम्ही दोघी लहानपणी एका पलंगावर झोपायचो, थंडीत ती आपले गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि मी ओरडायचे. त्या पहाटे मला वाटलं, आत्ता लावले तर मी ओरडणार नाही. एन्झा, लाव पाय. मी हे मोठ्यानं म्हटलं की मनात, मला आठवत नाही.

पाव ओव्हनमध्ये गेले, फुगले, वर जराशी सोनेरी साय धरली. बाहेर काढून एक हातात घेतला तर तो दाबला की खाली बसायचा आणि सोडला की पुन्हा वर यायचा. झाला होता. माझ्या हातून झाला होता, मला हसूच आलं. तेल काढलं, त्याच आठवड्यात घाण्यावरून आणलेलं, हिरवं आणि घशाला झोंबणारं. मासळीचं मीठ धुतलं. ओरेगानो तळहातावर चोळला. चीजचा तुकडा काढला आणि तेलाच्या रांजणामागे किसणीसाठी हात घातला.

किसणी नव्हती.

इथे एक सांगायला हवं. त्या रात्री आमच्याकडची पोरं घरातली किसणी लपवून ठेवतात. ज्यांनी वर्षभर छळलेलं असतं त्यांचे तळपाय मेलेली माणसं किसणीनं किसतात, अशी धास्ती. निन्फा दर वर्षी ती तेलाच्या रांजणामागे लपवायची. एन्झा तिथूनच काढायची आणि काम झालं की धुऊन परत तिथेच ठेवायची, म्हणजे पोरीला पत्ता लागत नसे. मीही त्याच भरवशावर होते. रांजणामागे कोळ्याचं जाळं होतं, बाकी काही नाही.

मग मी शोधायला लागले. खण उघडले, एकेक करून, लाकूड कुरकुरू नये म्हणून श्वास धरून. भिंतीच्या पलीकडे लिबोरिओची खोली. चमच्यांचा खण, फडक्यांचा खण, दोऱ्या आणि मेणबत्त्या असतात तो खण. पिठाचा डबा. लाकडांची पेटी. देवाच्या तसबिरीच्या मागे. कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा हात घातला, तर एका कोंबडीनं अशी चोच मारली की बास. परत आले, तेच खण पुन्हा उघडले. हरवलेली वस्तू पहिल्यांदा नव्हती तिथे दुसऱ्यांदा असेल असं माणसाला का वाटतं, देव जाणे.

पाव निवत चालला होता. मी शाल घेतली आणि पलीकडे जाऊन ब्रिजिदाच्या खिडकीवर बोटानं वाजवलं. ती जागीच होती, नातवंडांचं सामान लपवत. किसणी मागितली तर माझ्याकडे बघत राहिली.

"आज? व्हिता, आज गावात किसणी मागतेस? माझ्या चार सैतानांनी कालच दुपारी गायब केली. धर्मगुरूंच्या घरीसुद्धा सापडायची नाही, त्यांच्या बहिणीची पोरं आलीत."

खरंच होतं. पोरं असलेल्या एकाही घरात त्या पहाटे किसणी मिळणार नव्हती. मी परत आले. सुरीनं चीज तासायला गेले तर ते जुनं, कडक, त्याचे कपचे उडाले. शेवटी हातानंच चुरलं. बोटांना लागेल एवढे खडे राहिले. तेलात ते विरघळले नाहीत, तसेच बसून राहिले. मला रडू आलं, रागानं आलं. एवढं सगळं जमलं आणि एका पत्र्याच्या तुकड्यापायी जाणार. एन्झा असती तर म्हणाली असती, व्हिता, तू ना, लग्नाच्या झग्याला एक बटण कमी शिवणारी. पण ती आता मागे उभी नव्हती. दिव्याखाली मी एकटीच होते आणि बाहेर उजाडत होतं.

पाव मिटला, लोकरीच्या फडक्यात गुंडाळला आणि चादरींच्या पेटीत ठेवून दिला. बाकीचे झाकून ओव्हनमध्ये सरकवले. ओटा पुसला, हात धुतले आणि पलंगावर जाऊन डोळे मिटून पडले. थोड्याच वेळानं अनवाणी पावलांची धावपळ सुरू झाली.

मी जांभई देत बाहेर आले तेव्हा लिबोरिओ टेबलाशी कॉफी घेऊन बसला होता. दाढी केलेली, काळा कोट घातलेला, दफनभूमीत जायला तयार. डोळे लाल होते. निन्फा कपाटामागे, खुर्च्यांखाली, मशीनच्या झाकणाखाली शोधत होती. मग तिला वास आला असणार, कारण ती थांबली, सरळ पेटीकडे गेली आणि फडकं छातीशी धरून टेबलाशी आली. गाठ सोडली. ऊब अजून होती.

"गरम आहे," ती म्हणाली. कुणाला नाही, स्वतःलाच.

तिनं दोन्ही हातांनी पाव धरून घास घेतला. तेल हनुवटीवर आलं. ती चावत राहिली. खूप वेळ चावत राहिली. मग थांबली, तोंडातून बोटानं चीजचा एक खडा काढला आणि दिव्याकडे धरून बघितला.

"चीज किसलेलं नाहीये."

लिबोरिओनं कप खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता, आणि त्याचं तोंड त्या माणसासारखं झालं होतं ज्याला माहीत असतं की आता आपली पाळी येणार. त्याला ती नको होती हे मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की खरं बोलायला त्याला आवडतं.

निन्फाचा चेहरा मात्र पडला नाही. उलट तो हळूहळू उजळत गेला.

"तिला सापडलीच नाही," ती म्हणाली. "किसणी. मी या वर्षी दुसरीकडे लपवली होती."

मी विचारलं की का गं, तुला कसली भीती, तू कुणाला त्रास दिलास? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू वयानं मोठी तीच.

"भीती नाही, मावशी. जागेवर असती तर तिनं पटकन किसलं असतं आणि लगेच गेली असती. शोधायला लागली तर जास्त वेळ थांबेल ना घरात. सगळं उघडून बघेल. सगळ्या खोल्यांमधून जाईल."

धुकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं.

"कुठे ठेवलीस?" लिबोरिओनं विचारलं.

"तुमच्या गादीखाली. आईच्या बाजूला." मग ती त्याच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली, तेलकट हात हवेत धरून, कोटाला लागू नयेत म्हणून. "बाबा, तुमची झोप सावध असते. खरं सांगा. ती आली होती?"

मी देवाचं नाव घेतलं. मी त्याच्याकडे डोळ्यांनी काय काय मागितलं ते मलाच माहीत. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो बोलला तेव्हा अगदी हळू बोलला. एखादी गोष्ट जशी घडली तशी, एक शब्द इकडेतिकडे न करता सांगायची असते तसा.

"खणांचा आवाज येत होता. पहाटेपासून. एक उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. कुणीतरी काहीतरी शोधत होतं, मला झोपू द्यावं म्हणून आवाज न करता. आई करायची तसं." तो थांबला. "मी जागा होतो. मला वाटलं, उठून बघावं. पण नाही उठलो, निन्फा. उठलो असतो तर आवाज थांबला असता. पडून ऐकत राहिलो."

"मग ती होती," निन्फा म्हणाली.

"मला तीच वाटली," लिबोरिओ म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं पोरीच्या हातातला पाव तिच्या हातासकट तोंडाशी नेला आणि मोठा घास घेतला, आणि चीजचे खडे दातांखाली फोडत, डोळे मिटून, बराच वेळ खात राहिला. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि कॉफीचं भांडं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं, तरी घासत राहिले.